ओव्हरटाईम किती लावतात?

यात्रेसाठी बेळगावजवळच्या येळ्ळूरला घरी आले होते. रात्री दोन चाळीसला उशाशी ठेवलेला फोन ओरडायला लागला. त्या आठवड्यात ऑन-कॉल, म्हणजे रात्री-अपरात्री काही बिघडलं तर उठून बघायची पाळी, माझ्याकडे होता. अदलाबदल करायला कुणी तयार नव्हतं, म्हणून लॅपटॉप बरोबरच आणला होता. सोप्यात येऊन दिवा लावला, मोबाइलचं नेट जोडलं आणि बघितलं तर पैसे भरल्याच्या पावत्या पाठवणारी रांग तुंबलेली. लोकांच्या खात्यातून पैसे जात होते, पावती मात्र मिळत नव्हती. कॉलवर तीन देशांतली सात माणसं. संध्याकाळी कुणीतरी केलेला एक छोटा बदल मागे घ्यायचा होता, पण तो मागे घेतला तर आणखी काय पडेल हे कुणालाच छातीठोक सांगता येत नव्हतं. आप्पा, माझे वडील, उठून बाहेर आले आणि कांबळं गुंडाळून माझ्यासमोर बसले.

"काय झालंय?"

"काय नाही आप्पा, कामाचं हाय. मी बघतो, तुम्ही झोपा." (आमच्याकडे बाईमाणूसही 'बघतो'च म्हणतं.)

ते झोपले नाहीत. सव्वाचारला सगळं सुरळीत झालं, मी लॅपटॉप मिटला, तेव्हा त्यांनी विचारलं, "ओव्हरटाईम किती लावत्यात?"

"ओव्हरटाईम नसतो आम्हाला."

"नसतो म्हंजे? रात्रीचं उठिवलंय की त्येनी."

आप्पांनी बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत तेहेतीस वर्षं मोल्डर म्हणून काम केलं. वाळू चाळायची, साचा दाबायचा, कोअर बसवायचा आणि हीट निघाली, म्हणजे लोखंड वितळून तयार झालं, की पोरिंगच्या वेळी, ते साच्यात ओतताना, भट्टीसमोर उभं राहायचं. माझं काम त्यांना कळत नाही असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. त्यातलं जे कळायला हवं होतं ते त्यांना दीड तासात कळलं. त्यांच्या पगाराची जुनी पाकिटं अजून ट्रंकेत आहेत. त्यांवर ओव्हरटाईमचा रकाना वेगळा आहे आणि त्यात दुप्पट दरानं धरलेली रक्कम आहे, कारण १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात तसं लिहिलेलं होतं आणि ते वाचून दाखवणारी युनियन कारखान्यात होती. माझ्या पगाराच्या पत्रकात पंधरा रकाने आहेत. त्यात रात्रीचा एकही नाही.

मी बेंगळुरात एका मोठ्या टेक्नॉलॉजी कंपनीत अकरा वर्षं काम करते आहे. सीमाभागातल्या आमच्या घरांमध्ये या नोकरीबद्दल जे बोललं जातं आणि तिथे जे असतं, त्यात फार अंतर पडलं आहे. माझं म्हणणं असं की ही नोकरी म्हणजे सुटका नव्हे, ही मजुरी आहे. चांगल्या पगाराची, वातानुकूलित खोलीतली, पण मजुरीच. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी मुलांनी स्वतःला कामगार म्हणायला शिकलं पाहिजे, आणि कामगार म्हणून जे मागायचं ते कन्नड सहकाऱ्यांच्या शेजारी बसून मागितलं पाहिजे.

दुसरा भाग आमच्याकडे कुणाला आवडणार नाही हे मला माहीत आहे. म्हणून आधीच सांगते, बेळगाव महाराष्ट्रात जावं असं मला वाटतं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घातलं गेलं, तो अन्याय माझ्या आजोबांनी पाहिला, दर १ नोव्हेंबरला निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीत मी शाळेत असल्यापासून चालत आले, आणि कन्नड सक्तीविरुद्ध लढताना गेलेल्यांच्या, हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकासमोर १ जूनला उभं राहताना आजही घसा दाटतो. महाराष्ट्रानं २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात दाखल केलेल्या दाव्याचा निकाल लागावा म्हणून मीही वाट बघते आहे. पण उद्या सकाळी बेळगाव महाराष्ट्रात गेलं, तरी माझ्या नोकरीच्या पत्रातलं कामावरून कमी करण्याचं कलम जसंच्या तसं राहणार आहे. पुण्यात, हिंजवडीत गेलेल्या आमच्या मुलांना ते विचारा. तिथे मॅनेजर मराठी आहे, कॅन्टीनमध्ये मिसळ मिळते आणि कलम तेच आहे.

या नोकरीनं दिलेलं नाकारायचं नाही. घराचं कौल उतरवून स्लॅब पडली ती माझ्या पगारातून. धाकटीचं शिक्षण झालं. कामातला आनंदही खरा आहे. चांगल्या टीममध्ये तुमचा कोड दुसरं कुणीतरी ओळ न् ओळ वाचतं, 'इथे दोन विनंत्या एकाच वेळी आल्या तर काय होईल?' असं विचारतं, आणि तुम्ही तीन वर्षं जे बरोबर समजत होता ते चूक होतं हे शांतपणे कळतं. असं शिक्षण मला कुठल्याच कॉलेजात मिळालं नाही. एक नेमका बदल केला की दुसऱ्या दिवशी तो कोट्यवधी फोनवर पोचलेला असतो, त्याचा अभिमान वाटतो आणि वाटलाच पाहिजे. आप्पाही रस्त्यानं जाताना पंपाचं बीड बघून 'ही आपली कास्टिंग' म्हणायचे.

मात्र त्यांना पूर्ण कास्टिंग हातात घेता यायचं. मोठ्या कंपनीत एवढी माणसं एकाच यंत्रावर काम करत असतात की एकेकाच्या वाट्याला फार लहान तुकडा येतो. मी चार वर्षं फक्त त्या पावत्यांची रांग सांभाळली. त्या रांगेबद्दल माझ्याइतकं जगात दहा माणसांना माहीत नसेल, आणि कंपनीच्या दाराबाहेर त्या माहितीला काडीची किंमत नाही. ती आतल्याच साधनांची, आतल्याच नावांची माहिती आहे. दर सहा महिन्यांनी वरची खाती इकडची तिकडे हलतात, नवा डायरेक्टर येतो आणि निम्मं चाललेलं काम बंद पडतं. ते वाईट होतं म्हणून बंद पडत नाही, नव्या माणसाच्या आराखड्यात बसत नाही म्हणून बंद पडतं. मग वर्षाअखेर रेटिंग. टीममधल्या सगळ्यांनी जीव तोडून काम केलं तरी कुणाला तरी खालच्या रकान्यात बसवावं लागतं. मायक्रोसॉफ्टनं ही सक्तीची उतरंड २०१३ मध्ये उघडपणे सोडून दिली, पण त्या पद्धतीची सावली या धंद्यावरून गेलेली नाही. रेटिंगचे दिवस आले की शेजारच्या टेबलावरच्या माणसाला मदत करतानाही मनात हिशेब येतो, ही मदत माझ्या कागदात दिसेल की त्याच्या? अकरा वर्षांत माझ्या स्वभावाला लागलेली सगळ्यात वाईट सवय हीच.

शेअर्सचंही तसंच. नोकरी देताना सांगितलेल्या आकड्यातला मोठा भाग कंपनीच्या शेअर्सचा असतो आणि ते बहुधा चार वर्षांत थोडे थोडे हातात येतात. 'व्हेस्ट होतात' म्हणायचं. आईला सांगताना मी 'पिकतात' म्हणते. तिला ते लगेच कळतं, कारण येळ्ळूरच्या शिवारात बासमती लावून कापणीआधी शेत सोडून जाणारा माणूस तिनं पाहिलेला नाही. कंपनीलाही हेच हवं असतं. पीक डोळ्यासमोर ठेवून माणूस आणखी एक वर्ष काढतो, मग आणखी एक. फरक एवढाच की आमच्या शेतात कापणीच्या आदल्या दिवशी मालक येऊन 'उद्यापासून येऊ नका' म्हणत नाही.

हे मी पाहिलं आहे. माझ्या टीममध्ये धारवाडचा एक मुलगा होता, माझ्याहून चार वर्षांनी लहान. रोज सकाळी साडेनऊला टीमच्या चॅटवर 'शुभोदय' लिहायचा. एका बुधवारी त्याचं 'शुभोदय' आलं नाही. दहाला मी त्याला एक प्रश्न पाठवला, तर नावापुढचा हिरवा ठिपका गेलेला आणि नाव करडं पडलेलं. अकरा वाजता त्याचा स्वतःच्या फोनवरून कॉल आला. सकाळी सहाला मेल आला होता, तो वाचेपर्यंत लॅपटॉप बंद झाला होता. त्याच्या मुलीच्या जन्माचे फोटो त्या लॅपटॉपवर होते. ते कसे परत मिळतील एवढंच तो मला विचारत होता. मला उत्तर माहीत नव्हतं. त्या दुपारी मॅनेजरनं मीटिंग घेतली, 'कठीण दिवस आहे' म्हणाले आणि त्याच्याकडची कामं आम्हा तिघांत वाटून दिली. आदल्याच तिमाहीत त्याला वरचं रेटिंग मिळालेलं होतं.

हे एकट्या माझ्या कंपनीत घडलं असं नाही. जानेवारी २०२३ मध्ये एकाच महिन्यात गूगलनं सुमारे १२,००० आणि मायक्रोसॉफ्टनं १०,००० माणसं कमी करण्याची घोषणा केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲमेझॉननं १४,००० चा आकडा सांगितला. सरकारी नोकरीइतकीच पक्की म्हणून आमच्याकडे जिचं नाव घेतलं जायचं, त्या टीसीएसनंही जुलै २०२५ मध्ये सुमारे दोन टक्के माणसं, म्हणजे बारा हजारांच्या वर, कमी करायचं जाहीर केलं. तरीही लग्न ठरवताना आमच्याकडे 'मुलगा कंपनीत आहे, सेटल आहे' हे वाक्य तसंच चालू आहे.

त्या वाक्यामागची भीती मला समजते. सीमाभागातल्या मराठी घराला सरकारी नोकरीचं दार अर्धं बंदच मिळालं. कन्नड यायला हवं, परीक्षेत कन्नड, कचेरीत कन्नड. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलासमोर उरलं काय? लष्कर, उद्यमबाग, कोल्हापूर-पुणे, आणि मग इंजिनिअरिंग करून कंपनी. कंपनीत कुणी भाषा विचारत नाही, हे आम्हाला फार मोठं वाटलं. इंग्रजी सगळ्यांनाच परकी, त्यामुळे तिथे आमची पाटी कोरी. कर्नाटकातल्या इतक्या इंजिनिअरांच्या पदवीवर ज्या विद्यापीठाचा शिक्का असतो, ते १९९८ सालचं विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ बेळगावजवळ आमच्या मच्छ्याला आहे. शिक्का मच्छ्यातून घ्यायचा आणि रविवारी रात्रीच्या बसनं पाचशे किलोमीटर बेंगळूर गाठायचं. आता ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारतही धावते. गाडी वेगवान झाली, दिशा तीच राहिली. हुबळी-धारवाड-बेळगाव पट्ट्यात कंपन्या आणायच्या सरकारी घोषणा होतात, त्यांचं मी स्वागत करते, पण आलेली कंपनी बेळगावात असली म्हणून रात्री दोन चाळीसचा फोन थांबणार नाही.

आणि 'तिथे कुणी भाषा विचारत नाही' हा भरवसाही किती कच्चा होता ते जुलै २०२४ मध्ये दिसलं. कर्नाटकाच्या मंत्रिमंडळानं खासगी उद्योगांत व्यवस्थापनाच्या जागांपैकी ५० टक्के आणि बाकीच्यांपैकी ७० टक्के जागा स्थानिकांना देणारं विधेयक मंजूर केलं. उद्योगांनी ओरड केली आणि दोन-तीन दिवसांत ते बाजूला ठेवलं गेलं. त्यातली 'स्थानिक' शब्दाची व्याख्या मी त्या आठवड्यात अनेकदा वाचली. राज्यात जन्म आणि पंधरा वर्षांचं वास्तव्य, कन्नड बोलता-वाचता-लिहिता येणं, आणि शाळेत कन्नड विषय नसेल तर परीक्षा. बेळगावात जन्मलेली, बेळगावात वाढलेली मराठी मुलगी एका परीक्षेच्या अंतरावर परकी. हे विधेयक उद्योगांच्या ओरडीमुळे थांबलं, आमच्यासाठी थांबलं नाही. म्हणजे ज्या जमिनीला आम्ही तटस्थ समजत होतो ती कंपनीच्या मर्जीची होती. कंपनीला जोवर ते सोयीचं, तोवरच आम्ही तिथे उभे.

त्याच महिन्यात दुसरी एक गोष्ट चालली होती, तिच्याकडे सीमाभागात जवळजवळ कुणी पाहिलं नाही. आयटीतल्या माणसाचा कामाचा दिवस बारा तासांच्या पुढे नेता यावा यासाठी दुकानं व आस्थापनांच्या कायद्यात बदल करायचा प्रस्ताव सरकारपुढे होता. 'चौदा तासांचा दिवस' म्हणून तो गाजला. त्याला आडवी आली ती बेंगळुरातली आयटी कर्मचाऱ्यांची युनियन, केआयटीयू. ती २०१७ पासून आहे. मला तिचं नाव तेव्हा पहिल्यांदा कळलं, म्हणजे त्याआधीची सात वर्षं मी त्याच शहरात नोकरी करत होते आणि आपल्या बाजूनं बोलणारं कुणी आहे हे मला ठाऊक नव्हतं. कन्नड येत नाही म्हणून कन्नड बातम्या बघायच्या नाहीत, या माझ्या हट्टाची ही किंमत होती.

स्थायी आदेशांबद्दलही मला त्यांच्याच एका पत्रकातून कळलं. १९४६ चा एक कायदा सांगायचा की कामाचे तास, रजा, शिस्तभंगाची कारवाई, कामावरून काढणं याचे नियम लिहून, मंजूर करून घेऊन भिंतीवर लावले पाहिजेत. आप्पांच्या कारखान्याच्या गेटाजवळ काचेच्या पेटीत ते लावलेले असायचे, मला आठवतं. कर्नाटक सरकारनं आयटी उद्योगाला या कायद्यातून वर्षानुवर्षं सूट दिली आणि २०२४ मध्ये ती पुन्हा वाढवली. सूट देताना अटी घातल्या होत्या, तक्रार निवारण समिती हवी, शिस्तभंगाच्या कारवाईची माहिती सरकारला कळवायला हवी. मी माझ्या मजल्यावरच्या वीस जणांना विचारलं, आपल्याकडे तक्रार निवारण समितीवर कोण आहे? वीसपैकी एकालाही सांगता आलं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये एकोणतीस जुने कायदे गुंडाळून चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यात आमचं काय होणार यावरही आमच्या कॅन्टीनमध्ये बोलणं नाही. बोलणं नव्या शेअरच्या भावावर.

'एवढा पगार घेता आणि कामगार कसले?' हा प्रश्न मला घरातूनच आला, माझ्या मामांकडून. मामांना मी सांगितलं ते इथेही सांगते. कामगार कोण हे पगारावरून ठरत नाही. उद्या यायचं की नाही हे कोण ठरवतं, रात्री कोण कुणाला उठवतं, आणि नको म्हणाल्यावर कुणाचं नुकसान होतं, यावरून ठरतं. मोल्डरपेक्षा मला दसपट मिळतं हे खरं. पण मोल्डरला काढताना चौकशी करावी लागायची, आणि मला काढायला सकाळी सहाचा एक मेल पुरतो. दुसरा आक्षेप, युनियन आली की कंपन्या पळून जातील. उद्यमबागेत युनियन होत्या, संप झाले, आणि फाउंड्रीचा धंदा आजही तिथेच आहे. ज्या फाउंड्र्या बंद पडल्या त्यांचं दुखणं वीज, कच्चा माल, मंदी आणि मालकांची भांडणं होतं, हे आप्पांच्या पिढीतला कुणीही सांगेल.

या भागाला संघटना नवी नाही. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत धुळीत बसून तंबाखू चाळणाऱ्या बायका १९८० च्या सुमाराला संघटित झाल्या. शिक्षण नाही, हातात पैसा नाही, घरात मान नाही, अशा त्या बायका. १९८१ मध्ये त्याच निपाणीत तंबाखूच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर बसले आणि पोलिसांच्या गोळीबारात त्यांच्यातले काही गेले. त्या बायकांना जे जमलं ते इंग्रजीत सादरीकरण करणाऱ्या, परदेशी व्यवस्थापकांना प्रश्न विचारणाऱ्या आम्हाला का जमत नाही? माझं उत्तर असं की वखारीतल्या बाईला ती कामगार आहे याबद्दल शंका नव्हती. आम्हाला आहे. आमच्या गळ्यात 'टॅलेंट' म्हणून पट्टा घातलेला आहे आणि घरच्यांनीही तो कौतुकानं ओवाळला आहे.

आता कन्नडचं. आप्पांच्या कारखान्यात मागणीपत्रक गेटवर वाचलं जायचं तेव्हा आधी कन्नडात आणि मग मराठीत वाचलं जायचं, आणि दोन्ही भाषांत एकाच ठिकाणी टाळ्या पडायच्या. १ नोव्हेंबरला आप्पा दंडाला काळी फीत बांधून फेरीला जायचे. भट्टीवरचे त्यांचे जोडीदार गोकाकचे, ते त्या दिवशी कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुकीत. २ तारखेला दोघे एकाच डब्यातली भाकरी खायचे. सीमाप्रश्नावर त्यांचं कधीच एकमत झालं नाही, आणि दीड महिन्याच्या संपात दोघेही फुटले नाहीत. आप्पा कन्नड उत्तम बोलतात. ते त्यांना सक्तीनं शिकवलं गेलं नाही, भट्टीवर शिकले. सक्तीला माझा विरोध आहे आणि राहील. परंतु सक्तीच्या रागात आम्ही भाषाच टाकून दिली, आणि ज्यांच्याबरोबर उभं राहायचं त्यांच्याशी बोलायची सोय घालवून बसलो. धारवाडच्या त्या मुलाशी मी सहा वर्षं इंग्रजीत बोलले. नोकरी गेल्याच्या दिवशी तो फोनवर मधेच कन्नडात बोलायला लागला आणि मला निम्मं कळलं नाही. दुःखातल्या माणसाला 'इंग्रजीत सांग' म्हणायची पाळी माझ्यावर आली. त्यानंतरच्या रविवारी आप्पांसमोर वही घेऊन बसले.

गेल्या पावसाळ्यापासून महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी आम्ही बेळगावच्या टिळकवाडीत एका मैत्रिणीच्या घरी जमतो. बेंगळूर, पुणे, हैदराबादहून सुट्टीला आलेली मुलं-मुली. प्रत्येकानं आपलं नोकरीचं पत्र घेऊन यायचं आणि ते मोठ्यानं वाचायचं, एवढाच कार्यक्रम. पहिल्या वेळी चौघं होतो, मागच्या वेळी अकरा. बहुतेकांनी सही केल्यानंतर ते पत्र पुन्हा उघडलेलंच नव्हतं. मागच्या वेळी गोकाकची एक मुलगी आली होती, घरी कन्नड बोलणारी, मराठी मोडकंतोडकं. नोकरीला लागून आठ महिने झालेले. तिच्या पत्रात नवव्या पानावर एक वाक्य होतं, कंपनीला योग्य वाटेल त्या कारणासाठी, योग्य वाटेल तेव्हा. तिनं ते इंग्रजीत वाचलं, थांबली, पुन्हा वाचलं. मग आईला फोन लावला आणि तेच वाक्य कन्नडात सांगायला लागली. 'योग्य वाटेल तेव्हा'साठी तिला शब्द सापडेना. आप्पा मला सोडायला आले होते, ते दाराशीच उभे होते. त्यांनी तिथूनच तिला तो शब्द सांगितला.